आईनं चेहरा ओढून घेतला ती दिवाळी

फेसलिफ्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक तर सिनेमातली बाई येते, नाहीतर जिचा नवऱ्यावर भरवसा नाही अशी बाई. माझी आई या दोन्हींतली नाही. ती डहाणूत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चौथीचा वर्ग, आणि रिटायरमेंट आता तोंडावर आलीये. बाबा रेल्वेत आहेत. भाजी आणणं सोडलं तर बाकी सगळ्या बाबतीत तिचा बाबांवर पूर्ण भरवसा आहे. पावडर आणि टिकली याच्या पुढे तिनं चेहऱ्याला कधी काही लावलेलं मी पाहिलेलं नाही. आणि तरी तिनं सुरतेला जाऊन चेहरा ओढून घेतला. का घेतला ते सांगायचं तर आधी आजोबांबद्दल सांगायला लागेल, नाहीतर तुम्हाला काहीच कळणार नाही.

आजोबा म्हणजे आईचे वडील. तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या गावात राहतात, मामा-मामींकडे. भात, नागली, थोडी वरई, असं त्यांचं सगळं आयुष्य. आजी जाऊन काही वर्षं झाली, त्यानंतर आजोबा हळूहळू विसरायला लागले. आधी नावं. मग आपण जेवलो की नाही ते. मग आजी गेली हेच विसरले. आम्ही दर एक रविवार सोडून त्यांना भेटायला जातो. अशाच एका रविवारी आई अंगणात शिरली आणि आजोबा म्हणाले, "आलीस का म्हातारे? किती उशीर केलास."

मामा हसला. "आबा, ती ताई आहे."

आजोबांनी मामाकडे असं बघितलं, की याला काही कळत नाही. मग आईला म्हणाले, "चुलीवर भात ठेवलाय बघ."

त्यात त्यांची काही चूक नव्हती हो. आई खरंच आजीसारखी दिसायला लागली होती. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना गाल उतरलेले, नाकापासून तोंडापर्यंत दोन खोल रेघा, गळ्याखाली सैल कातडी. आजीचा फोटो आणि आई शेजारी ठेवले तर फक्त नथीचा फरक. आईला आधी गंमत वाटायची. ती त्यांच्या चुलीवरचा नसलेला भात बघून यायची आणि "शिजतोय" म्हणायची.

पण मग ते तिच्याकडे तक्रार करायला लागले. स्वतःच्या मुलीची! म्हणजे तिचीच! तिचा हात धरून हळूच म्हणायचे, "म्हातारे, आपली पोर येतच नाय गं. शिकली न् विसरली आपल्याला."

आई दर एक रविवार सोडून तिथे होती. त्यांची नखं कापत होती, पाय चेपत होती, आणि ते तिलाच सांगत होते की ती येत नाही. ती म्हणायची, "आबा, मीच आहे ती." ते हसायचे. बायको थट्टा करतेय असं त्यांना वाटायचं. एकदा परतताना एसटीत ती उधवा गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "तो माणूस माझी वाट बघत बघत जाणार. आणि मी समोर बसलेली असणार."

त्यानंतर महिनाभरानं तिनं मला विचारलं, "ते चेहरा वर ओढतात ना, ते काय असतं गं? बघ ना मोबाइलवर."

आता मला कोणी 'बघ ना' म्हटलं की संपलंच. मी दोन दिवसांत एवढे व्हिडिओ पाहिले की मला स्वप्नात कान दिसायला लागले. खरंच, फेसलिफ्टमध्ये सगळा खेळ कानाचा असतो! मी आईला जेवताना समजावत होते, कानाच्या पुढून असं कापतात, पाळीला वळसा घालतात, आणि बाबा म्हणाले, "आमटी पिऊ दे ना मला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "इतकी वर्षं या चेहऱ्याचा ओरडा खाल्ला. सवय झालीये. आता नवीन चेहऱ्याचा ओरडा म्हणजे परत पहिल्यापासून."

आई म्हणाली, "आवाज तोच राहणारे, काळजी करू नका."

सुरतेच्या डॉक्टर बाई एकदम शांत. त्यांनी आईच्या गालावर बोटं ठेवून कातडी हळूच मागे नेली आणि आईच्या हातात आरसा दिला. आईनं स्वतःकडे बघितलं. मी पण वाकून बघितलं. माझ्या लहानपणी मला शाळेत सोडायला येणारी बाई आरशात होती.

"बेन, चहेरो तमारो ज रहेशे," डॉक्टर म्हणाल्या. चेहरा तुमचाच राहणार, दुसऱ्या कोणाचा होणार नाही. मग त्यांनी विचारलं की हे का करायचंय. आईनं आधी रिटायरमेंटचं सांगितलं, निरोप समारंभ, फोटो वगैरे. डॉक्टर नुसत्या बघत राहिल्या. मग आईनं आजोबांचं सांगितलं, गुजरातीत सुरू केलं आणि मधेच मराठीत आली, रडू आलं की ती मराठीत येते.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गाल मी उचलू शकते. त्यांची आठवण माझ्या हातात नाही. ते ओळखतील म्हणून करणार असाल तर करू नका. तुम्हाला स्वतःला पाहिजे असेल तरच करा."

बाहेर आल्यावर आई रसाच्या गाडीशी उभी राहिली. उसाचा रस अर्धा झाल्यावर म्हणाली, "मला पाहिजे आहे पण. नुसतं आबांसाठी नाही. मला आरशात आई दिसते रोज सकाळी. आई आवडायची मला. पण दात घासताना मला मी दिसायला पाहिजे ना?"

मग तारीख ठरवायची वेळ आली आणि इथे आमच्या घरानं घोटाळा केला. मास्तरांच्या घरात सगळं सुट्टीत बसवतात. लग्नं सुट्टीत, दाढा सुट्टीत, मी पण म्हणे मे महिन्यात झाले ते आईला बरं पडलं. त्यामुळे आईनं सुट्ट्या बघितल्या आणि पटकन म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीत करून टाकू, शाळा उघडेपर्यंत सूज उतरेल. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. दिवाळीच्या सुट्टीत दिवाळी पण असते हे तिघांच्याही लक्षात आलं नाही!

आता मी जरा ते सांगते जे मला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं, कारण व्हिडिओत एका सेकंदात आधीची बाई जाते आणि नंतरची येते. मधली बाई कोणीच दाखवत नाही. माझी आई तेव्हा मधली बाई होती.

ऑपरेशनच्या बऱ्याच आधीपासून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद, आईची गुडघ्याची एक गोळी पण बंद. ब्लडप्रेशर ताब्यात पाहिजे. सकाळी तिला आत नेलं, पूर्ण भूल दिली, आणि बाहेर आणलं तेव्हा दुपार उलटून गेली होती. डॉक्टरांनी समजावलं होतं की नुसती कातडी ओढत नाहीत. नुसती कातडी ओढली तर माणूस कायम वादळात उभा असल्यासारखा दिसतो. खालचा थर उचलून तिथे टाके घालतात, मग कातडी त्यावर सैलसर बसवतात. हे सगळं मला पाठ होतं. तरी आईला बघून त्यातलं काही आठवेना. डोक्यापासून हनुवटीखालून पट्ट्या, कानामागून दोन बारीक नळ्या, त्यात लालसर पाणी. बाबांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "छान दिसतेयस." तिला हसता येत नव्हतं. तिनं त्यांच्या हाताला चिमटा काढला.

दुखतं का? आई म्हणते दुखणं फार नाही, आवळल्यासारखं होतं. जणू कोणी मागून चेहरा धरून उभं आहे आणि सोडतच नाही. नळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या. सूज मात्र त्यानंतर वाढत गेली, आणि हे कोणी सांगितलं नसेल तर घाबरायला होतं. तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात वाईट दिसत होती. डोळे बारीक, गाल टमटमीत, गळा जांभळा, मग तोच जांभळा रंग हिरवा-पिवळा होत खाली छातीकडे उतरत गेला. त्या दिवशी ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "चांगल्या चेहऱ्याचं मी काय करून बसले?" आणि रडली, आणि रडलं की टाके ओढतात म्हणून परत रडली. मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, हे सगळ्यांचं होतं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना पश्चात्ताप होतो. फक्त एकाच बाजूला अचानक फुगलं, जोरात दुखायला लागलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. तसं काही झालं नाही, देवाची कृपा.

झोपायचं अर्धं बसून. वाकायचं नाही, चपला पण मी घालायची. चावायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम काही लावायचं नाही. गाल आणि कान बधिर असतात, कित्येक महिने राहतात, त्यामुळे भाजलं तरी कळत नाही. डॉक्टरांनी हे मला दोनदा बजावलं. "केस वाळवायचं मशीन नाही, शेक नाही, काही नाही." मी आईच्या गालाला बोट लावून विचारायचे, "कळतंय?" ती म्हणायची, "तू लावलंयस का?"

सुरतेहून परत आलो आणि डहाणूत दिवाळी लागली होती. घरात चकल्यांचे डबे, आणि आई वाटीतून दूध-चिकू पितेय! शेजाऱ्यांना आम्ही दाढेचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्यामुळे सगळी बिल्डिंग मऊ मऊ पदार्थ घेऊन आली. समोरच्या काकी, त्या घोलवडच्या, माहेरची चिकूची वाडी, त्यांनी एवढे पिकलेले चिकू आणले की फ्रिजमध्ये दुसरं काही मावेना. आईच्या कानांवरची पट्टी बघून त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दाढ कुठली गं? दोन्ही कानांतली?"

मी काहीतरी बडबडले.

"राहू दे," काकी म्हणाल्या. "मी कोणाला बोलायची नाय. फक्त सांग, माझ्या या गळ्याचं पण होतं काय?"

नरकचतुर्दशीला आईला तेलाचं न्हाणं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा. ती मुकाट्यानं पंख्याखाली बसून राहिली आणि मी तिच्या पायांना तेल लावलं, फक्त पायांना.

आणि मग भाऊबीज. सकाळी मामाचा फोन आला.

"ताई, निघालीस का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला दिसलं की आज भाऊबीज आहे हे तिला आत्ता, या क्षणी आठवलंय. तिनं मामाला फोनवर खरं सांगून टाकलं, सगळं, तोंड नीट उघडत नव्हतं तरी.  मामा म्हणाला, "तू बरी आहेस ना? मग झालं. ओवाळणी कुठं पळून जाते? पण ताई, आबा जेवत नाहीयेत. गेल्या दोन रविवारांत तू आली नाहीस ना. म्हातारी रुसून माहेरी गेली असं धरून बसलेत."

टाके निघाल्यावर लगेच आम्ही निघालो. बाबांच्या ऑफिसमधल्या एका काकांनी त्यांची गाडी दिली. सूज होतीच अजून. हनुवटीखालून डोक्यावर जाणारा पट्टा तिला दिवसभर घालायचाच होता, आणि तो टोचतो म्हणून तिनं त्याच्यावरून बाबांचा पांढरा मोठा रुमाल बांधला होता, डोक्यावर गाठ. प्रत्येक गतिरोधकाला ती दोन्ही हातांनी गाल धरायची. तलासरीचा नाका गेला, रस्ता डोंगराकडे वळला, आणि ती म्हणाली, "मी काय केलंय गं? आत्तापर्यंत त्यांना निदान बायको तरी होती. आता मुलगी तर मिळणार नाहीच, बायको पण नेली मी त्यांची."

 मी तिच्या रुमालाची सैल झालेली गाठ परत बांधली.

अंगणात भाताचे भारे रचले होते. आजोबा ओट्यावर बाजेवर बसले होते, आधीपेक्षा वाळलेले. शेजारी पेजेचा वाडगा तसाच, वर साय धरलेली. मामी आईला बघून "अगो बाय" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. आई ओट्याच्या पायरीशी थांबली. पुढे जाईना.

आजोबांनी मान वर केली. बघितलं. खूप वेळ बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि मला वाटलं, संपलं, आता विचारणार कोण तुम्ही.

ते म्हणाले, "बाय... गाल उतरला नाय अजून?"

बाय! इतक्या वर्षांत त्यांनी तिला बाय म्हटलं नव्हतं. आईला ते लहानपणी बाय म्हणायचे, फक्त आईला.

आई म्हणाली, "नाही आबा." एवढंच. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता, आणि ते ती मुद्दाम करत नव्हती.

"न् वाऱ्यात कोणी सोडलं हिला?" आजोबा मामीवर ओरडले. "घरात कोणाला अक्कल हाय का? पोरीचे गाल बघ!" आणि ते उठले. मामा म्हणाला, आठवडाभर त्यांना धरून उठवत होतो. ते आपले आपण उठले, भिंतीला हात लावत घराच्या मागे गेले, कुंपणाला निर्गुडी आहे तिथे.

मामानं तेव्हा मला सांगितलं. आई तिसरीत असताना तिला गालगुंड झालं होतं. दोन्ही बाजूंनी. आजोबांनी तिच्या हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारली होती, अगदी अशीच, आणि रोज निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून तिचे गाल शेकले होते. आमच्याकडे सूज म्हटलं की निर्गुडीचा शेक, त्याला दुसरा इलाज नाही. आणि गावात कोणाला शेकायचं असलं की आजोबांना बोलवायचे, कारण त्यांच्या हाताला बरोबर ऊब कळायची.

म्हणजे आजीसारखा दिसणारा चेहरा डॉक्टरांनी काढला होता, आणि नवीन चेहरा अजून आला नव्हता. आणि या मधल्या, सुजलेल्या, फडकं बांधलेल्या चेहऱ्यात आजोबांना त्यांची पोर सापडली होती!

मला रडू यायच्या आत भीती वाटली. कारण ते पाला घेऊन येत होते.

"आई," मी तिच्या कानाशी म्हटलं, म्हणजे पट्टीशी, "शेक नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. तुला कळणार नाही भाजलं तरी."

"माहितीये," आई म्हणाली. "पण त्यांना नाही म्हणू नकोस."

मामीनं तवा ठेवला. पाला गरम झाल्याचा तो कडवट वास घरभर झाला. आजोबांनी पाला फडक्यात गुंडाळला, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितला, आणि आईकडे निघाले. मी मधे घुसले. "द्या आजोबा, मी नेते," म्हणाले आणि पुरचुंडी घेऊन दारात जाऊन फुंकर मारत बसले, पदरानं वारा घालावा तशी ओढणीनं वारा घालत. एकदम गार केली आणि नेऊन दिली. आजोबांनी ती परत स्वतःच्या गालाला लावली.

"थंड केलास की गं पोरी! ह्याचा काय उपेग?" आणि परत चुलीकडे.

असं तीन वेळा झालं. ते गरम करतायत, मी गार करतेय. मामा भिंतीकडे तोंड करून हसत होता. चौथ्यांदा आजोबांनी पुरचुंडी माझ्या हातात दिलीच नाही. ते थेट आईसमोर येऊन बसले आणि त्यांनी हात उचलला.

आईनं त्यांचं मनगट धरलं. हळूच. "आबा, गालाला नको. इथं दुखतंय." आणि त्यांचा हात आपल्या कपाळावर ठेवला.

कपाळ तिचं शाबूत होतं. तिथे तिला सगळं कळत होतं. आजोबांनी पुरचुंडी कपाळाला लावली, उचलली, परत लावली. प्रत्येक वेळी आधी स्वतःचा गाल, मग तिचं कपाळ. दुसऱ्या हातानं ते तिचा गाल कुरवाळत होते, सुजलेला, बधिर गाल. तिला त्यातलं काही जाणवत नव्हतं. तिनं मला नंतर सांगितलं की आबा गालावरून हात फिरवतायत हे तिला फक्त दिसत होतं, म्हणून ती डोळे मिटत नव्हती. डोळे मिटले तर तो हात गेला असता.

"शाळा बुडते म्हणून रडू नको," आजोबा म्हणाले. "मी सांगीन मास्तरला."

"बरं आबा."

"म्हातारी कुठंय? दिसत नाय कुठं."

आईनं माझ्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं. "पाण्याला गेलीये," ती म्हणाली. "येईल."

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि मामीला म्हणाले, "मला भूक लागली." आई आणि ते दोघांनी एकाच वाडग्यातून नागलीची आंबील प्यायली. तिला चावायला बंदी, त्यांना दात नाहीत.

त्यानंतर आम्ही दर रविवारी जायला लागलो. पुढच्या रविवारी पण ती बाय होती. त्याच्या पुढच्या पण. सूज मात्र उतरत चालली होती. बाकी सगळ्यांना ही गोष्ट चांगली वाटायची, पण आई रोज आरशात बघून काळजी करायची की सूज गेली तर बाय पण जाईल, म्हणजे उलटीच तऱ्हा. शाळा उघडली. शाळेतल्या बाया म्हणाल्या, सुट्टी मानवली हो तुम्हाला. एक जण म्हणाली, केसांचं काही वेगळं केलंय का? कोणालाच नेमकं सांगता येईना, आणि डॉक्टरांनी म्हटलंच होतं की चांगलं झालं तर असंच होतं. हसताना ओठाची एक बाजू थोडी मागे राहायची, ती पण हळूहळू जागेवर आली. कानाजवळ खाज सुटायला लागली, त्या वेळी आईनं मला शाळेतून फोन करून सांगितलं, खाज सुटलीये, खाज! जणू बक्षीस मिळालं. नस जागी होताना आधी खाज येते. कानापुढची रेघ फिकी पडली, केस कानामागे घेतले तरच दिसते. आणि चेहरा? काय सांगू. जबड्याची रेघ स्वच्छ, गळा नीट. ती तरुण नाही दिसत. झोप पूर्ण झाल्यासारखी दिसते. ती स्वतःसारखी दिसते.

संक्रांत होऊन गेली. त्या रविवारी तिनं पट्टा घातला नव्हता, तो कधीच सुटला होता. रुमाल नाही. साधी सुती साडी, केस मागे बांधलेले. ती ओटा चढली आणि आजोबांनी घाईनं बाजेवरचं पांघरूण बाजूला सारलं.

"या बाई, बसा," ते म्हणाले.

बसा. मामानं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. मला वाटलं आता ती मोडणार, आत जाऊन रडणार, आणि मी काय म्हणायचं ते शोधत होते. पण आई बसली. बाजेच्या कडेला, पाहुणी बसते तशी, पदर सावरून.

"कोणाकडं आलात?"

"तुमच्याकडेच."

"शाळेतल्या काय तुम्ही?"

"हो. शाळेत शिकवते."

आजोबांचा चेहरा उजळला. "माझी पोर पण मास्तरीण हाय! डहाणूला."

"हो का?" आईनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. मी तिच्या मागे उभी होते आणि मला ते हात दिसत होते. पुढचा प्रश्न विचारायला तिला वेळ लागला. "येते का ती? भेटायला?"

मला मधे बोलायचं होतं. मला ते जुनं शिकली-न्-विसरली परत ऐकायचं नव्हतं.

"येते तर!" आजोबा म्हणाले. "दिवाळीला आलेली. गाल एवढे सुजलेले." त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं, केवढे तरी मोठे. "डोक्याला फडकं बांधलेलं. अशी आजारी, तरी आली वाऱ्यातून. मी ओरडलो, कशाला आलीस? पण माझी पोर ती. ऐकती काय?"

 आई हसली. दोन्ही बाजूंनी, पूर्ण.

"हट्टी आहे वाटतं."

"फार हट्टी." ते अभिमानानं म्हणाले आणि तिच्याकडे वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "तुम्ही ओळखता काय तिला?"

"थोडीशी," आई म्हणाली. "तुम्ही सांगा ना तिच्याबद्दल."

आजोबांनी पाय वर घेतले, मांडी घातली, मामीला म्हणाले, बाईंना चहा टाक. आणि सांगायला लागले, ती जन्मली त्या दिवसापासून.